दुसऱ्या खोलीतील विजय

पत्त्यांचे नाव निघाले की आपल्याकडील देवभक्त घरांत कपाळाला आठी पडते, आणि ती अकारण पडते असे म्हणवत नाही. जत्रेच्या रात्री पालखी देवळात परतल्यावर मंडपामागे जे पट मांडले जातात, त्यांच्यापायी कुणाचे शेत गेले आणि कुणाच्या घरातले सोने सावकाराकडे गहाण पडले, हे गावोगावच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. पण याच कोकणपट्टीत सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी गंजिफाच्या गोल पानांवर मत्स्य-कूर्मांपासून कल्कीपर्यंत दहाही अवतार रंगविले, आणि ती १२० पाने हाती घेऊन खेळणाऱ्यांना त्यात देवाची विटंबना वाटली नाही. पानांविषयी आपले मन असे पूर्वीपासूनच दुभंगलेले आहे. एका हाताने आपण ती दूर सारतो आणि दुसऱ्या हाताने त्यांवर देव रंगवितो.

या दुभंगाचा सर्वांत मोठा साक्षीदार विराटपर्वात भेटतो. ज्या फाशांनी राज्य गेले, भाऊ दास झाले आणि द्रौपदी भर सभेत ओढली गेली, तेच फासे हाती घेऊन धर्मराज अज्ञातवासाचे वर्ष काढण्यासाठी विराटाच्या दारी उभे राहिले. कंक हे नाव, ब्राह्मणाचा वेष, आणि काम एवढेच, की राजाशी द्यूत खेळून त्याचे मन रमवावे. रोखठोक बोलायचे तर धर्मराज वर्षभर पगारी खेळाडू होते. कीर्तनकार या भागावरून बहुधा लगबगीने पुढे जातात; भीमाचा मुदपाकखाना आणि कीचकाचा वध श्रोत्यांना अधिक आवडतो. परंतु व्यासांनी तो लिहून ठेवला आहे आणि त्यातून निघणारा प्रश्न टाळता येत नाही. खेळावर पोट भरावे काय? आणि भरावे, तर त्या पोट भरण्याचा धर्म कोणता?

हा प्रश्न आज ज्यांच्या आयुष्यात उघडा उभा आहे असा एक वर्ग म्हणजे ब्रिज खेळून उपजीविका करणारे लोक. ज्याला काँट्रॅक्ट ब्रिज म्हणतात त्याचे नियम हॅरोल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकी धनिकाने १९२५ साली पनामा कालव्यातून जाणाऱ्या एका बोटीवरील प्रवासात बसविले. खेळाडू चार, समोरासमोर बसलेल्या भिडूंच्या दोन जोड्या, प्रत्येकाच्या हातात १३ पाने. आधी बोली होते. आपली जोडी किती हात करील आणि हुकूम कोणता, याची ती लिलावासारखी चढत जाणारी बोली. मग पाने पडू लागतात. एका खेळाडूच्या वाट्याला येणारी १३ पाने ६३,५०१ कोटींहून अधिक प्रकारांनी येऊ शकतात. त्यामुळे जन्मभर खेळणाऱ्यालाही सहसा रोज नवाच डाव पाहावा लागतो. हा केवळ साहेबी क्लबांचा विलास आहे असेही कुणी समजू नये. इंदूरजवळच्या खरगोन जिल्ह्यात रायबिडपुरा नावाचे एक खेडे आहे. तेथील शेतकरी शेतीच्या कामातून मोकळे झाले की ब्रिज मांडतात. २०१८ साली जाकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार या आपल्या दोघा प्रौढांनी याच खेळात सुवर्णपदक मिळविले.

ब्रिजचा खरा गाभा मात्र त्याच्या मौनात आहे. समोरच्या भिडूला आपल्या हातातील पानांविषयी काही कळवायचे तर मार्ग दोनच, तोंडची बोली आणि टेबलावर टाकलेले पान. त्या बोलीचा आणि त्या पानाचा जो संकेत भिडूंत ठरला असेल, तो प्रतिपक्षालाही विचारता येतो आणि त्याला तो सांगावा लागतो. यापलीकडचे सर्व निषिद्ध. भुवई उडविणे, सुस्कारा सोडणे, पान टाकताना मुद्दाम रेंगाळणे, बोटे विशिष्ट प्रकारे धरणे, यांतील एकही गोष्ट चालत नाही. अशा तऱ्हेने चार माणसे तासन्‌तास मौनव्रत पाळून बसतात आणि ते व्रत पाळले जात आहे यावर विश्वास ठेवूनच एकमेकांशी लढतात. बुद्धिबळात लबाडी करायची तर बाहेरून मदत आणावी लागते. ब्रिजमध्ये मदत करणारा समोरच बसलेला असतो, आणि लबाडीला एक खोकला पुरतो.

दैवाचा आक्षेपही येथे फारसा टिकत नाही. सिकंदराबादच्या एका क्लबातील रमीचा खटला १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला, तेव्हा रमीत पाने वाटण्यापुरते जे दैव आहे ते ब्रिजच्या वाटपातील दैवासारखेच आहे, असे सांगून त्याने रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविले आणि तीन पानी जुगाराला वेगळ्या पंगतीत बसविले. मोठ्या स्पर्धांत तर वाटपातील दैवही काढून टाकण्याची युक्ती आहे. संघातील दोघे एका खोलीत उत्तर-दक्षिण बसतात आणि उरलेले दोघे दुसऱ्या खोलीत पूर्व-पश्चिम. पहिल्या खोलीत खेळला गेलेला डाव, तीच पाने त्याच चार जागी, दुसऱ्या खोलीत पुन्हा खेळला जातो. येथे चांगली पाने तुमच्या जोडीला मिळाली, तर तेथे तीच पाने प्रतिपक्षाला मिळतात. मग दोन्ही खोल्यांतील गुणांची तुलना होते आणि त्या वजाबाकीतून संघाचा जय किंवा पराजय ठरतो.

वाचकांनी ही रचना नीट ध्यानात घ्यावी, कारण पुढील सारा प्रश्न तिच्यातूनच उभा राहतो. या खेळात माझा विजय मी एकटा घडवीत नाही, तो माझ्या भिडूसह घडवितो, हे उघड आहे. पण तो निम्मा अशा खोलीत घडतो, जेथे मी नव्हतोच. तेथे माझ्या संघातील दोघे काय बोलले, कसे बसले, कुठे पाहिले, हे मला दिसलेले नाही. मला फक्त शेवटचा आकडा कळतो, आणि आकडा आपल्या बाजूचा असला की माणूस सहसा अधिक विचारीत नाही.

आता या खेळावर चरितार्थ चालविणाऱ्याची स्थिती पाहू. ब्रिजमधील पैसा बहुधा बक्षिसाच्या रूपाने येत नाही. तो आश्रयदात्याकडून येतो. ज्याला ब्रिजची ओढ आहे आणि जवळ संपत्तीही आहे असा गृहस्थ उत्तम खेळाडूंना मानधन देऊन संघ बांधतो आणि त्या संघात स्वतःही खेळतो. विराटाचा आणि कंकाचा संबंध याहून फार निराळा नव्हता. अशा खेळाडूजवळ शेत नसते, दुकान नसते. त्याचे भांडवल म्हणजे जिंकलेल्या किताबांची यादी. तिच्यात एक ओळ वाढली की पुढचे मानधन वाढते, एक ओळ गळली की आश्रयदाता दुसरीकडे पाहू लागतो. म्हणून पोटासाठी खेळणाऱ्याने स्वतःच्या हाताने त्या यादीतील ओळी खोडल्या, तर ती गोष्ट शेतकऱ्याने बांध फोडून जमिनीचा तुकडा तोडून देण्याइतकी जड आहे. असे एकाने केले. त्याची हकीकत सांगण्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

बोये ब्रोगेलँड हा नॉर्वेचा खेळाडू. २००७ साली शांघायला नॉर्वेने बर्म्युडा बोल हे जागतिक विजेतेपद मिळविले, त्या संघात तो होता. पुढे तो एका अमेरिकी आश्रयदात्याच्या संघातून खेळू लागला. त्या संघात इस्रायलचे दोन तरुण खेळाडूही होते. त्यांच्या बुद्धीचा गवगवा मोठा होता आणि त्यांच्याविषयीची कुजबूजही पूर्वीपासूनची होती. २०१४ साली या संघाने अमेरिकेतील स्पिंगोल्ड ही अत्यंत मानाची स्पर्धा जिंकली. पाठोपाठ आणखीही विजय मिळाले. २०१५ च्या उन्हाळ्यात ती तरुण जोडी दुसऱ्या धनिकाच्या संघात गेली, आणि ऑगस्ट महिन्यात शिकागो येथे त्याच स्पिंगोल्ड स्पर्धेच्या उपान्त्यपूर्व फेरीत ब्रोगेलँडचा संघ त्यांच्याकडून अवघ्या एका गुणाने हरला.

त्या पराभवानंतर ब्रोगेलँड जुन्या डावांच्या नोंदी काढून बसला. एका जागी नव्हे, अनेक जागी त्याला दिसले की त्या जोडीचे निर्णय हातातील पानांवरून समजत नाहीत. भिडूची पाने जणू दिसत असावीत अशा रीतीने ते घेतलेले आहेत. महिना संपण्याच्या आत त्याने आपला संशय जाहीरपणे मांडला आणि एक संकेतस्थळ उघडून जगभरच्या जाणकारांना पुरावा तपासण्याचे आवाहन केले. न्यायालयात खेचण्याच्या धमक्या आल्या. परंतु २०१४ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेतील चित्रफिती उपलब्ध होत्या, आणि पेर-ओला कुल्लिन या स्वीडिश खेळाडूने त्या पुनःपुन्हा पाहून कोडे उलगडले. ज्या चपट्या पाटीत चौघांची पाने ठेवून डाव टेबलावर आणतात, ती पाटी बोली संपल्यावर बाजूला सारताना कोठे ठेवायची, यात खूण होती. पाटीच्या जागेवरून भिडूला कळे की इस्पिक खेळू, की बदाम, चौकट वा किलवर. २०१६ साली युरोपीय आणि अमेरिकी अशा दोन्ही संघटनांनी त्या जोडीला शिक्षा केली.

दरम्यान २०१५ च्याच शरदात आपल्या चेन्नईत जागतिक स्पर्धा भरली, तेव्हा या वावटळीचे पडसाद तेथे पोहोचले. इस्रायल, जर्मनी आणि मोनाको यांचे संघ आलेच नाहीत. पोलंडच्या एका जोडीला दिलेले निमंत्रण ऐन वेळी परत घेण्यात आले, आणि त्या जोडीवाचून पोलंडने विजेतेपद मिळविले.

लबाडी उघडकीस आणणे हे धैर्याचे काम खरे. पण तेवढ्यासाठी मी वाचकांना येथवर आणले नसते. चोर पकडणारे पुष्कळ असतात, आणि पराभूत झालेल्याने विजेत्यावर बोट ठेवणे हे तर जगाच्या आरंभापासून चालत आले आहे. ब्रोगेलँडने त्याच वेळी आणखी एक गोष्ट केली. त्या जोडीसह आपण जे किताब मिळविले, ते आपण सोडत आहोत, असे त्याने जाहीर केले. ते त्याच्याकडे कुणी मागितले नव्हते. त्याने स्वतः कसलीही खूण केली नव्हती. आपल्या खोलीत बसून त्याने आपली पाने प्रामाणिकपणे खेळली होती. दुसऱ्या खोलीतील पापाचा अर्धा वाटा मात्र त्याने आपला म्हणून मान्य केला.

यावर काही आक्षेप संभवतात, आणि ते दुबळे नाहीत. पहिला आक्षेप असा, की निर्दोष माणसाने दंड का भोगावा? जाणून केलेल्या कर्माचाच दोष लागतो, असे आपले धर्मशास्त्रही पुष्कळदा मानते. याला उत्तर असे, की ब्रोगेलँडने स्वतःला दंड केलाच नाही. त्याने आपले खेळणे सोडले नाही, आपल्याला अपराधीही म्हटले नाही. त्याने केवळ फळ परत केले. चोरीचा माल माझ्या घरी अजाणता आला तर मी चोर ठरत नाही, हे खरे. पण कळल्यानंतर तो माल माझा राहत नाही, हेही तितकेच खरे. कर्त्याचा दोष आणि भोक्त्याचे ऋण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली हेतूवर अवलंबून असते, दुसरी वस्तूबरोबर चालत येते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. कुजबूज पूर्वीपासून होती, तर याचे डोळे हरल्यावरच कसे उघडले? जिंकत असताना त्याने नोंदी का चाळल्या नाहीत? हा आक्षेप मला खोडून काढता येत नाही, आणि काढूही नये असे वाटते. एका गुणाने हरल्याचा सल त्या चौकशीच्या मुळाशी असेलच. माणसाची सत्याची भूक पुष्कळदा अपमानातून जागी होते. परंतु सूडाने पेटलेला माणूस शत्रूचे विजय मोजतो आणि आपले झाकून ठेवतो. याने मात्र हिशेब उलगडायला घेतल्यावर स्वतःचे पानही त्यातून वगळले नाही. हेतू मलिन असेल. पण कृती ज्या ठिकाणी स्वतःवर वळली, तेथे ती धुऊन निघाली.

तिसरा आक्षेप पुराव्याचा. दुसऱ्याचा अपराध सिद्ध होण्यापूर्वी बक्षीस परत करणे म्हणजे त्याला परस्पर दोषी ठरविणे नव्हे काय? ब्रिजच्या इतिहासात या प्रश्नाची मोठी परीक्षा १९६५ साली ब्यूनस आयर्स येथे झाली. तेथील जागतिक स्पर्धेत टेरेन्स रीस आणि बोरिस शापिरो या विख्यात ब्रिटिश जोडीवर असा आरोप आला की पाने धरलेल्या बोटांनी ते एकमेकांना बदामांची संख्या कळवितात. ब्रिटिश संघाचे न खेळणारे कप्तान राल्फ स्विमर यांनी आपल्याच देशाचे सामने सोडून दिले. जागतिक संघटनेने जोडीला दोषी धरले. ब्रिटनमधील चौकशीने पुढच्या वर्षी, आरोप निःसंशयपणे सिद्ध होत नाही, असा निर्णय दिला. तो वाद आजही मिटलेला नाही. अगदी अलीकडे, २०१५ च्या त्याच वावटळीत सापडलेल्या दुसऱ्या एका नामांकित जोडीला युरोपीय संघटनेने केलेली शिक्षा क्रीडाविषयक लवाद न्यायालयाने २०१८ साली पुराव्याअभावी रद्द केली. तज्ज्ञ एक म्हणतात, न्यायालय दुसरे म्हणते. मग साध्या खेळाडूने कोणाचे मानावे?

येथेच मला या साऱ्या प्रकरणातील बोध सापडतो. दुसऱ्याला अपराधी म्हणायचे तर पुरावा पाहिजे, तोही भक्कम, आणि तो अपुरा असेल तर आरोपी सुटला पाहिजे. न्यायासनाचा हा नियम पवित्र आहे. पण तो नियम न्यायासनाचा आहे, अंतःकरणाचा नाही. स्वतःच्या लाभाविषयी निर्णय घेताना आपण आरोपी नसतो आणि न्यायाधीशही नसतो. आपण केवळ विश्वस्त असतो. विश्वस्ताला रास्त शंका पुरते. दुसऱ्याच्या गळ्यात दोष घालताना जितके थांबावे, तितकेच स्वतःच्या हातातील वस्तू खाली ठेवताना थांबू नये. बहुतेक माणसे हे नेमके उलट करतात. शेजाऱ्याविषयी कुजबूज पुरेशी समजतात आणि स्वतःच्या लाभाविषयी सज्जड पुराव्याची वाट पाहत बसतात.

आपल्या कीर्तनपरंपरेत वाल्या कोळ्याची कथा सांगतात. नारदांनी त्याला घरी पाठविले : ज्यांच्यासाठी वाटमारी करतोस, ते पापात वाटेकरी होतील काय, विचारून ये. बायकामुलांनी सांगितले, आम्हाला पोसणे हे तुझे काम. पाप तुझे तुलाच. त्या उत्तराने वाल्या जागा झाला आणि पुढे वाल्मीकी झाला. ही कथा ऐकताना आपले सारे लक्ष वाल्याकडे असते. त्या घरातील माणसांचे पुढे काय झाले, हे कुणी विचारीत नाही. रांजण तर घरातच होते. त्यांतले अन्न त्यांनी खाल्ले, वस्त्रे ल्याली, आणि पापाचा प्रश्न येताच हात झटकले. ब्रोगेलँड हा मला त्या घरातील असा एक माणूस वाटतो, की जो चुलीपासून उठून म्हणाला, अन्न मी खाल्ले आहे, तेव्हा वाटा माझाही आहे. हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारले असते, तर कदाचित वाल्याला जागे होण्यासाठी रानात इतकी वर्षे बसावे लागले नसते.

आणि ही गोष्ट पत्त्यांच्या टेबलापुरती राहत नाही. आपण ज्याला स्वतःची मिळकत म्हणतो, तिचा मोठा भाग कुठल्या तरी दुसऱ्या खोलीत तयार झालेला असतो. वडिलार्जित जमीन कोणत्या कज्जात कोणाच्या तोंडचा घास काढून आपल्याकडे आली, भागीदाराने मालाचे वजन कसे केले, मुलाच्या नोकरीसाठी मामांनी कोणाच्या कानात काय सांगितले, हे आपण पाहिलेले नसते. आपल्याला फक्त शेवटचा आकडा कळतो. देवस्थानच्या समितीत बसणाऱ्या महाजनांना तर हा अनुभव वरचेवर येतो. कुणी गृहस्थ प्रभावळीसाठी चांदी देऊ करतो. चांदी स्वच्छ, पांढरी असते. ती कोठून आली, हे विचारणे असभ्यपणाचे वाटते आणि न विचारणे सोयीचे असते. प्रत्येक दात्याची चौकशी करावी असे मी म्हणत नाही. तसे केले तर देवळाच्या पायरीवर कोतवाली बसेल. पण एखाद्या देणगीविषयी मनात शंका उठली आणि ती रात्री झोपू देईना, तर पुरावा नाही, एवढ्या सबबीवर ती झोपवू नये. अशा वेळी देवाला कौल लावण्याचीही गरज पडत नाही. शंका उठली, हाच कौल.

विराटपर्वातील कंकाचा शेवटचा प्रसंग आठवून थांबतो. उत्तर गोग्रहणात जय मिळाल्याची वार्ता आली तेव्हा विराट राजा आनंदाने फासे खेळत होता आणि पुत्राची स्तुती करीत होता. कंकाने शांतपणे सांगितले, बृहन्नडा सारथी असता जय का होणार नाही? आश्रयदात्याला ते खरे बोलणे रुचले नाही. त्याने हातातील फासा फेकून कंकाच्या तोंडावर मारला. नाकातून रक्त आले. धर्मराजाने ते ओंजळीत धरले, सैरंध्रीने सोन्याचे पात्र पुढे केले, आणि रक्त जमिनीवर पडले नाही. पडते तर राजाचे आणि राज्याचे अनिष्ट होते. पगारी खेळाडूचा धर्म व्यासांनी या एका प्रसंगात सांगून ठेवला आहे. ज्याचे अन्न खावे त्याच्यासाठी मन लावून खेळावे; जय कोणाचा आहे हे विचारले तर, आणि न विचारले तरीही, खरे सांगावे; आणि ते सांगताना जी इजा होईल ती आपल्या ओंजळीत धरावी.